सरडगुहिऱ्याचं कुंपण: शॅमेलिऑन वंशापर्यंत कसा ओळखावा आणि नकाशावर कसा मांडावा

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण कुणाला तरी हिणवायला म्हणतो. शॅमेलिऑन ओळखायला बसलं की मात्र ही म्हण शब्दशः कामाला येते. या कुलातल्या बारा वंशांपैकी बहुतेकांची कुंपणं इतकी पक्की आहेत, की प्राणी कुठे दिसला हे खात्रीने कळलं तर निम्म्याहून जास्त काम तिथेच उरकतं. सगळ्यांची नजर आधी रंगाकडे जाते, पण रंग सर्वांत शेवटी बघायचा. मी सुरुवातीला नेमकं उलटं करायचो. फोटोतला रंग पुस्तकातल्या चित्राशी जुळवायचा आणि नाव लिहून मोकळं व्हायचं. त्या वहीतली बरीच नावं पुढे खोडावी लागली.

तुमच्याकडे एखादा फोटो, जुनी नोंद किंवा संग्रहातला नमुना असेल आणि त्याचं वर्गीकरण व प्रदेश नीट मांडायचा असेल, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. आधी शब्द ठरवून घेऊ. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द कुणी जातीसाठी वापरतं, कुणी वंशासाठी, आणि त्यातून गोंधळ होतो. म्हणून इथे तीनच शब्द वापरले आहेत: कुल, त्याच्या आत वंश आणि वंशाच्या आत जाती. आपलं कुल शॅमेलिओनिडी. त्यात दोनशेहून जास्त जाती आहेत. मराठीत शॅमेलिऑनला सरडगुहिरा असा सुरेख शब्द आहे, तोही वापरायला हरकत नाही.

पायरी १: तो सरडगुहिरा आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. रंग बदलणारा प्रत्येक सरडा शॅमेलिऑन नसतो. कुंपणावर मान हलवत बसणारा आपला नेहमीचा सरडा कॅलोटिस व्हर्सिकलर. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदाँ याने १८०२ मध्ये त्याला दिलेल्या नावातच ‘रंग बदलणारा’ हा अर्थ आहे, आणि विणीच्या काळात नराचं डोकं नि गळा लालभडक होतो. तरीही तो अ‍ॅगॅमिडी या वेगळ्या कुलातला. दोन्ही कुलं एकमेकांची जवळची नातेवाईक आहेत. दोघांचेही दात खोबणीत रुतलेले नसतात, ते जबड्याच्या कडेवर जोडलेले असतात. नातं असलं तरी घर वेगळं.

खात्री करायची ती बोटांवरून. सरडगुहिऱ्याची बोटं दोन जुडग्यांत बांधल्यासारखी असतात आणि पाऊल चिमट्यासारखं फांदी धरतं. पुढच्या पायाला आतल्या बाजूला तीन बोटं आणि बाहेर दोन. मागच्या पायाला याच्या उलट, आत दोन आणि बाहेर तीन. जोडीला आणखी तीन खुणा बघा. पापण्या एकमेकींना चिकटून डोळ्याभोवती शंकू झालेला असतो आणि मधोमध फक्त एक बारीक छिद्र उरतं. कानाचं छिद्र बाहेरून दिसत नाही. शेपूट ओढलं तरी पालीसारखं तुटून पडत नाही (ओढून मात्र बघू नका).

गुंडाळणाऱ्या शेपटावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. श्रीलंकेतल्या कोफोटिस या अ‍ॅगॅमिड सरड्याचं शेपूटही फांदीला विळखा घालतं. अमेरिकेत ‘शॅमेलिऑन’ म्हणून विकला जाणारा हिरवा सरडा तर अ‍ॅनोल असतो, आणि त्याचा या कुलाशी दूरचाच संबंध. अमेरिका खंडांत आणि ऑस्ट्रेलियात मूळचा एकही सरडगुहिरा नाही.

पायरी २: ठिकाण, आणि फक्त ठिकाण

आता प्राण्याकडे बघणं थांबवा आणि नकाशा उघडा. ‘आफ्रिका’ एवढ्या माहितीवर काहीच होत नाही. निदान देश हवा, शक्य तर डोंगर आणि समुद्रसपाटीपासूनची उंची.

मादागास्करपासून सुरुवात करा, कारण कुलातल्या जवळपास निम्म्या जाती एकट्या त्या बेटावर आहेत. तिथे चारच वंश आढळतात: ब्रुकेशिया, पॅलिऑन, कॅलुम्मा आणि फर्सिफर. मुख्य आफ्रिकेत आज यांपैकी एकही रहात नाही आणि मुख्य आफ्रिकेतला एकही वंश मूळचा मादागास्करचा नाही. मधली मोझांबिक खाडी हे या कुलातलं सर्वांत पक्कं कुंपण. फोटो मादागास्करच्या रानातला आहे हे नक्की असेल, तर बारा पर्याय एका झटक्यात चारवर येतात. चौघांपैकी फक्त फर्सिफर बेटाबाहेर गेला आहे, तोही कोमोरो द्वीपसमूहापर्यंतच. फर्सिफर सेफॅलोलेपिस ग्रांद कोमोरवर आहे आणि फर्सिफर पोलेनी मायोतवर.

सेशेल्समधला प्रश्न आणखी सोपा. तिथे मूळचा एकच वंश आणि त्यात एकच जाती, आर्केअस टिग्रिस. माहे, सिल्हुएट आणि प्रालँ या बेटांवर तो राहतो.

युरोप आणि आशियात मूळचा फक्त शॅमेलिओ हा वंश. त्यामुळे इथे वंशाचा प्रश्न उरत नाही, थेट जातीवर जायचं. शॅमेलिओ शॅमेलिऑन उत्तर आफ्रिका, दक्षिण स्पेन आणि पोर्तुगाल, सायप्रस, तुर्कस्तान व भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. ग्रीसमध्ये पेलोपोनीजच्या पिलोसजवळ मात्र शॅमेलिओ आफ्रिकानसची छोटी वस्ती आहे, बहुधा प्राचीन काळी माणसाबरोबर आलेली. अरबस्तानाच्या नैर्ऋत्येला, म्हणजे येमेन आणि लगतच्या सौदी अरेबियात, डोक्यावर उंच टोप मिरवणारा शॅमेलिओ कॅलिप्ट्राटस राहतो. सोकोत्रा बेटावर शॅमेलिओ मोनॅकस. गंगेच्या दक्षिणेकडचा भारत, पाकिस्तानचा आग्नेय कोपरा आणि श्रीलंका इथे शॅमेलिओ झेलॅनिकस. भारतात खरा सरडगुहिरा दिसला, की तो हाच.

खरा घोळ मुख्य आफ्रिकेत आहे. तिथे सात वंश आहेत, म्हणून थोडं थांबून बघू. दक्षिण टोकाला ब्रॅडिपोडिऑन. हा प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेचा वंश असून त्यातल्या सगळ्या जाती अंडी न घालता पिल्लांना जन्म देतात. त्याच प्रदेशात शॅमेलिओच्याही दोन जाती भेटतात: मानेला झडपा असलेला शॅमेलिओ डिलेपिस आणि नामिबच्या वाळवंटात जमिनीवर चालणारा शॅमेलिओ नामाक्वेन्सिस. झाडावरचा प्राणी वाळवंटात काय करतो, असं वाटेल. पण शॅमेलिओ हा वंशच उघड्या, कोरड्या मुलखात रुळलेला आहे, आणि एवढा दूरवर तोच एकटा का पसरला याचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांत किन्यॉन्जिया, ट्रायोसेरॉस, रॅम्फोलिऑन आणि रिपेलिऑन असे चार वंश एकत्र नांदतात, सखल भागात शॅमेलिओ असतोच. किन्यॉन्जिया म्हणजे स्वाहिली ‘किन्योंगा’, अर्थ सरडगुहिराच. टांझानिया-केनियाचे ईस्टर्न आर्क डोंगर आणि त्यांच्या पश्चिमेला युगांडा-काँगो सीमेवरच्या अल्बर्टाइन दरीच्या कडेची जंगलं ही त्याची घरं. ट्रायोसेरॉसची कुंपणं मुख्यतः तीन ठिकाणी विभागलेली आहेत: पूर्व आफ्रिकेचे डोंगर, इथिओपियाचं पठार आणि पश्चिमेला कॅमेरूनचे डोंगर. प्रत्येक उंच डोंगर गवताळ प्रदेशाच्या समुद्रातल्या बेटासारखा असतो, त्यामुळे एकेका शिखरापुरती मर्यादित जाती इथे नेहमीची गोष्ट आहे. म्हणूनच मी उंचीची नोंद मागतो.

मलावी आणि मोझांबिकच्या डोंगरांत नॅडझिकाम्बिया हा दोनच जातींचा वंश आहे. एक जाती मुलांजे पर्वतावर, दुसरी माबू पर्वतावर. रॅम्फोलिऑनही तिथे आहे आणि पूर्व झिम्बाब्वेपर्यंत जातो. त्याची एक जाती मात्र भलतीकडे आहे. रॅम्फोलिऑन स्पेक्ट्रम कॅमेरून आणि गिनीच्या आखातालगतच्या जंगलांत राहतो, भाऊबंदांपासून शेकडो किलोमीटर दूर. अशी फट नकाशावर दिसली की नोंद चुकीची समजून खोडू नका. एके काळी सलग असलेल्या जंगलाची ती उरलेली खूण असू शकते.

ही कुंपणं घातली कुणी, हेही समजून घ्यावं, नाहीतर यादी पाठ करण्यापलीकडे काही होत नाही. मादागास्करमधली विविधता पाहून बऱ्याच अभ्यासकांना हे कुल तिथेच जन्मलं असं वाटायचं. २०१३ मध्ये जनुकांवर आधारलेल्या वंशवृक्षाने उलट चित्र दाखवलं: उगम आफ्रिकेत, आणि तिथून मादागास्करला दोन वेगवेगळ्या खेपा. पहिली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, दुसरी सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची. तोवर मादागास्कर आफ्रिकेपासून कधीच अलग झालेलं होतं, म्हणजे हे प्रवासी समुद्रात वाहून आलेल्या झाडाझुडपांवरूनच पोहोचले असणार. २०२० मध्ये केनियातल्या रुसिंगा बेटावरच्या सुमारे १ कोटी ८० लाख वर्षं जुन्या कवटीचं वर्णन झालं, आणि ती निघाली चक्क कॅलुम्माची. आज फक्त मादागास्करमध्ये असलेला वंश एके काळी मुख्य आफ्रिकेत होता. तेव्हा वरची कुंपणं आजची आहेत. जीवाश्म हाती आला तर ती लावू नका.

पायरी ३: पाचोळ्यात की फांदीवर?

पर्याय दोन-चारवर आले की प्राण्याकडे परत या आणि त्याची ठेवण बघा. एक मोठा गट जमिनीलगत, पाचोळ्यात आणि बुटक्या झुडपांत राहणारा. अंग तपकिरी, शेपूट आखूड आणि फारसं न गुंडाळणारं. यात मादागास्करचे ब्रुकेशिया आणि पॅलिऑन, मुख्य आफ्रिकेतले रॅम्फोलिऑन आणि रिपेलिऑन. बाकीचे झाडा-झुडपांवरचे, लांब विळखेदार शेपटाचे.

वाळक्या पानासारखे दिसणारे ब्रुकेशिया आणि रॅम्फोलिऑन शेजारी ठेवले तर भाऊच वाटतात. १९८६ मध्ये क्लाव्हर आणि ब्योमे या अभ्यासकांनी फुप्फुसं आणि नराचं जननेंद्रिय यांच्या रचनेवरून कुलाची मोठी पुनर्मांडणी केली. ते काम अजूनही पायाभूत मानलं जातं, पण त्यात हे बुटके वंश एकाच उपकुलात बसवले होते. पुढे जनुकीय पुरावा आला आणि तो गट फुटला. ब्रुकेशियाची फांदी फार आधी वेगळी झाली आहे आणि रॅम्फोलिऑन, रिपेलिऑन हे झाडावरच्या वंशांच्या जास्त जवळचे आहेत. सारखं राहणीमान, सारखं रूप, पण नातं वेगळं. इथेही ठिकाणच तारतं: मादागास्कर असेल तर ब्रुकेशिया किंवा पॅलिऑन, आफ्रिका असेल तर उरलेले दोन.

आकार मोजताना नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी घ्या आणि शेपूट वेगळं लिहा. या कुलात पल्ला अफाट आहे. २०२१ मध्ये वर्णन झालेल्या ब्रुकेशिया नानाच्या नराची ही लांबी १३.५ मिलिमीटर भरली, शेपटासकट २१.६. दुसऱ्या टोकाला फर्सिफर ऊस्तालेटी शेपटासह साठ सेंटिमीटरच्या पुढे जातो. दोघेही एकाच बेटावरचे.

पायरी ४: शिंगं, टोप, झडपा

शिंगं दिसली की माणूस हुरळतो. थांबा. नाकावरची शिंगं आणि उंचवटे या कुलात अनेकदा स्वतंत्रपणे उगवले आहेत. तीन शिंगांचा ट्रायोसेरॉस जॅक्सोनी प्रसिद्ध आहे, पण त्याच वंशात दोन शिंगांचा ट्रायोसेरॉस मॉन्टियमही आहे. किन्यॉन्जियाच्या कित्येक नरांना नाकावर दोन पाती असतात, मादागास्करच्या फर्सिफर बायफिडसलाही असतात, आणि कॅलुम्मा पार्सोनीच्या नाकावर दोन बोथट उंचवटे असतात. शिवाय बऱ्याच जातींत माद्यांना शिंगं नसतात किंवा अगदी लहान असतात. म्हणून शिंगांवरून वंश ठरवू नका. आधी ठिकाणावरून वंश ठरवा, मग त्या वंशाच्या आत जात शोधायला शिंगं वापरा.

हाच नियम मानेच्या झडपांना लागू. त्या कॅलुम्माच्या कित्येक जातींत आहेत आणि शॅमेलिओ डिलेपिसमध्येही. नोंद करताना शिंगांची संख्या, टोपाची उंची, गळ्याखाली शंकूच्या आकाराच्या खवल्यांची रांग आहे की नाही, अंगावरचे खवले एकसारखे आहेत की मधूनमधून मोठे, आणि नराच्या मागच्या टाचेला काटा आहे का, एवढं लिहा. शॅमेलिओ कॅलिप्ट्राटसच्या नराला हा काटा अंड्यातून बाहेर पडल्यापासून असतो, त्यामुळे पिल्लाचंही लिंग सांगता येतं. फोटो काढायचा तर एक कडेने, एक डोक्याचा जवळून, एक वरून आणि एक पावलांचा. नुसता सुंदर फोटो बहुधा निरुपयोगी निघतो.

पायरी ५: आता रंग

सरडगुहिरा भोवतालासारखा रंग घेतो ही समजूत बहुतांशी चुकीची. रंग बदलतो तो मुख्यतः तापमान, भीती, भांडण आणि जोडीदार यांमुळे. २०१५ मध्ये फर्सिफर पार्डॅलिसवर झालेल्या संशोधनात यामागची रचना स्पष्ट झाली. त्वचेतल्या खास पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात. तो चिडला की त्यांच्यातलं अंतर वाढतं, परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि हिरवा नर पिवळा-नारिंगी होतो. म्हणजे एकाच नराचे सकाळचे आणि दुपारचे फोटो दोन जातींचे वाटू शकतात.

फर्सिफर पार्डॅलिसच्या बाबतीत रंग थोडा उपयोगी आहे, पण तोही ठिकाणाच्या जोडीनेच. मादागास्करच्या उत्तरेकडच्या नोसी बे बेटावरचे नर निळसर हिरवे, तिथल्याच अंबिलोबे गावाकडचे लाल-निळे पट्ट्यांचे. हे एकाच जातीचे स्थानिक प्रकार, की एका नावाखाली लपलेल्या अनेक जाती, यावर जनुकीय अभ्यासांनी प्रश्न उभा केला आहे. तुमच्या नोंदीत जातीचं नाव आणि गावाचं नाव दोन्ही असू द्या. उद्या जाती फुटल्या तरी नोंद वाया जाणार नाही.

रात्री मात्र रंगच मदत करतो. झोपलेला सरडगुहिरा फिकट पडतो आणि फांदीच्या टोकाला बसतो, त्यामुळे विजेरीच्या उजेडात पानांच्या पार्श्वभूमीवर पांढुरका उठून दिसतो. मोजणी करणारे म्हणूनच रात्री निघतात.

पायरी ६: नावाचा इतिहास तपासा

जुन्या नोंदींत बहुतेक सगळेच ‘शॅमेलिओ’ असतात. पुढे वंश फुटत गेले: २००४ मध्ये रिपेलिऑन वेगळा झाला, २००६ मध्ये किन्यॉन्जिया आणि नॅडझिकाम्बिया. २००९ मध्ये ट्रायोसेरॉसला पूर्ण वंशाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ब्रुकेशियातून पॅलिऑन बाहेर पडला. सेशेल्सच्या टिग्रिसचा प्रवास यात सर्वांत गमतीचा. आधी तो शॅमेलिओ होता, मग कॅलुम्मा, आणि २०११ मध्ये जनुकांनी त्याचं नातं मादागास्करशी नसून आफ्रिकेशी आहे असं दाखवल्यावर आर्केअस हे जुनं नाव त्याच्यासाठी पुन्हा वापरात आलं. वंश बदलताच त्याचं कुंपणही बदललं.

वंश बदलला आहे का, हे नावावरूनच कळण्याची एक सोपी युक्ती आहे. शास्त्रीय नावापुढे वर्णनकर्त्याचं नाव आणि साल असतं. ते कंसात असेल तर त्याने ती जात वेगळ्या वंशात नोंदवली होती. शॅमेलिओ शॅमेलिऑनपुढे लिनीअस, १७५८ हे कंसात येतं, कारण लिनीअसने तिला लासेर्टा या वंशात टाकलं होतं. शॅमेलिओ झेलॅनिकसपुढे लॉरेंटी, १७६८ कंसाविना येतं, कारण वंश पहिल्यापासून तोच आहे. कंस दिसला की जुन्या नावानेही शोध घ्या. आजचं मान्य नाव आणि सगळी जुनी नावं रेप्टाइल डेटाबेस या संकेतस्थळावर एकत्र मिळतात, मी तिथूनच सुरुवात करतो.

पायरी ७: नकाशावर टिंबं

प्रत्येक नोंदीसाठी वहीत पाच रकाने आखा: आजचं नाव, मूळ नोंदीतलं नाव, ठिकाण, उंची, आणि मूळचा की आणलेला. शेवटचा रकाना टाळू नका. १९७२ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पाळण्यासाठी आणलेले ट्रायोसेरॉस जॅक्सोनी सुटले आणि पसरले. मूळचा हा केनिया आणि उत्तर टांझानियाचा प्राणी. शॅमेलिओ कॅलिप्ट्राटस आज फ्लोरिडात आणि हवाईच्याच माऊई बेटावरही आहे. नुसती टिंबं मांडली तर कुलाचा प्रदेश प्रशांत महासागर ओलांडून जाईल. आणलेल्या वस्तीला वेगळा रंग द्या.

टिंबांभोवती एकच मोठं वर्तुळ काढून आत रंग भरण्याचा मोह आवरा. डोंगरी जातींचा प्रदेश जंगलाच्या तुकड्यांपुरताच असतो, मधली दरी रिकामी ठेवावी लागते. जीबिफसारख्या, जगभरच्या जीवांच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या सार्वजनिक संग्रहातून नोंदी घेताना शहराच्या मधोमध पडलेलं टिंब संशयाने बघा. बऱ्याचदा ते नमुना जिथे ठेवला आहे त्या संग्रहालयाचं असतं. फारच दुर्मीळ जातीचं अचूक स्थान उघड करू नका. चोरटा व्यापार करणारेही नकाशे वाचतात.

हे सगळं एका उदाहरणावर करून बघा. रॅम्फोलिऑन चॅपमनोरम, वर्णन १९९२ चं, मूळ ठिकाण मलावी देशाच्या दक्षिणेकडच्या ‘मलावी हिल्स’ या टेकड्यांवरचं जंगल. जंगल झपाट्याने तुटू लागलं तेव्हा १९९८ मध्ये काही प्राणी मलावीतल्याच मिकुंडी इथल्या जंगलात नेऊन सोडले गेले. मूळ जागी तो संपला असावा अशी भीती होती, पण २०१६ मध्ये उरलेल्या तुकड्यांत तो पुन्हा सापडला. तुमच्या नकाशावर याची दोन प्रकारची टिंबं येतील: मलावी हिल्सवरची काही, एका रंगात, आणि मिकुंडीचं एक, दुसऱ्या रंगात. मधली सगळी जागा कोरी.